दोरीवरचा आठवा गडी

आमच्या वेळी कबड्डीच्या मैदानाला दोरी असायची. चार कोपऱ्यांत चार बांबू, त्यांना काथ्याचा दोर, आणि दोराच्या आत कुणी पाय टाकू नये अशी माइकवरून दर पाच मिनिटांनी होणारी नम्र विनंती. विनंती करणाराच दोराच्या आत उभा असे. आता या खेळाला डोम आहे, डोक्यावर छप्पर आहे, आसनांना क्रमांक आहेत, आणि माणूस तिकिटावरचा क्रमांक बघून निमूट बसतो. आम्हाला हे सगळं हवंच होतं. कबड्डीलाही क्रिकेटसारखे दिवस आले पाहिजेत, असं आम्हीच टपरीवर बसून म्हणायचो. ते आले. आता उघड तक्रार करायला तोंड नाही, म्हणून ही कुरकुर.

आम्ही म्हणजे वसई-विरार पट्ट्यातली, साठीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारी पिढी. कॉलेज म्हटलं की वसई रोडचं वर्तक, नाहीतर वसईतलं गोन्सालो गार्सिया. कॉलेजकडून विद्यापीठाच्या स्पर्धा खेळायला मुंबईला जायचं, परक्या मैदानावर खेळायचं, बघायला दोन राखीव खेळाडू आणि एक कंटाळलेले सर. तिथे हरलो तरी कुणाला कळत नसे, जिंकलो तर त्याहून नसे. खरा खेळ गावात. भात कापून झालं, दिवाळी सरली की आगाशी, अर्नाळा, नाळे, रानगाव, नायगाव, जूचंद्र अशा गावोगावच्या मंडळांच्या रात्रीच्या स्पर्धा सुरू व्हायच्या, त्या पार मे महिन्यापर्यंत. तिथे हरलं तर दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा माप कमी घालतो की काय असं वाटायचं.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, हे आम्हाला पुस्तकातून फार उशिरा कळलं. आमच्याकडे मैदान पावलांनी मोजलं जाई, आणि मोजणारा पाय यजमान मंडळाचा असे. पाहुण्यांच्या बाजूला पाऊल आखूड पडल्याच्या तक्रारी दर वर्षी होत. त्या खोट्या होत्या असं आजही छातीठोकपणे सांगवत नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, आणि मग आखूड भाग आपल्याच वाट्याला येतो, हे मात्र आमच्या लक्षात मैदान आखून झाल्यावरच येई.

आता मोजणीचा प्रश्नच नाही. मॅट टेम्पोतून येते. तुकडे एकमेकांत बसवायचे, रेषा आधीच उमटलेल्या, अर्ध्या तासात मैदान तयार. विरारला अंथरलेली मॅट आणि वरळीला अंथरलेली मॅट यांत बोटाचाही फरक नाही. कुणाचं पाऊल आखूड नाही, कुणाची तक्रार नाही. आणि मैदान तयार होताना बघायलाही कुणी थांबत नाही.

आमच्याकडे मैदान तयार करणं ही स्पर्धेआधीची स्पर्धा होती. जागा खणायची, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, शेणखत आणि वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा मातीत मिसळायचा, पाणी मारायचं, चोपायचं, पुन्हा पाणी मारायचं. खडे वेचायला लहान मुलं, पाणी मारायला मोठी मुलं, आणि ‘तिकडे अजून मार’ असं सांगायला ज्यांना कमरेत वाकता येत नाही असे सगळे. शेवटी सुतळी ताणून फक्की मारायची. फक्की मारणारा ठरलेला असे, दुसऱ्याच्या हाताला ती सरळ रेषा येत नाही अशी त्याची खात्री होती. मग नारळ फुटायचा. तिसऱ्या सामन्यापर्यंत निदान रेषा पुसली जायची, आणि पुढचे सगळे वाद ती कुठे होती यावर.

या मातीत आमचं निम्मं यश मुरलेलं होतं. वसईच्या पश्चिमेकडची किनाऱ्यालगतची जमीन रेताड, पूर्वेकडची जड. वाळूत धावून पोटऱ्या घट्ट झालेली किनाऱ्यावरची पोरं कडक मैदानावर सुसाट सुटायची; कडक मैदानावरचे गडी भुसभुशीत जागी आले की घोट्यापर्यंत रुतायचे. पाहुण्या संघात तगडा, वजनदार चढाईपटू असेल तर संध्याकाळचं पाणी जरा सढळ हाताने पडायचं. कुठल्या कोपऱ्यात उतार आहे, कुठे खालून मूळ लागतं, बोनस घ्यायला पाय कुठे टाकला तर घसरतो, हे सगळं आमच्या कोपरारक्षकाला पाठ. याला आम्ही खेळाची समज म्हणायचो. पाहुणे वेगळा शब्द वापरायचे.

आणि जखमा! गुडघे आणि कोपरं सोललेली, त्यावर हळद, आणि हळदीवर पुढच्या सामन्याची माती. मॅटवर आज बूट घालून खेळतात, गुडघ्याला पॅड, बाजूला फवारा घेऊन फिजिओ. आमच्यातल्या किती जणांचे गुडघे आज जिना चढताना बोलतात ते बघितलं की मातीचं कौतुक गळ्याशी अडकतं. आमची पोरं मॅटवर खेळली म्हणून आम्हाला बरंच वाटलं. फक्त मैदानात उतरताना वाकून कपाळाला लावायला काही उरलं नाही. काही जण मॅटला हात लावून तो कपाळाला लावतात. रबराला नमस्कार पोचतो की नाही, आम्ही विचारलेलं नाही.

पण आमचा मोठा आधार मातीचा नव्हताच, माणसांचा होता. दोरीला लागून पहिली रांग मांडी घालून बसलेल्या पोरांची, दुसरी उकिडवी, तिसरी उभी, त्यामागे सायकलच्या कॅरियरवर, त्यामागे भिंतीवर, आणि एक-दोन आंब्यावर. एकूण माणसं पाचशे-सातशे असतील. पण चढाई करणारा पाहुणा बगलेतून निसटायला गेला की त्याच्या कानापासून आमचं तोंड हातभरावर. पकडीत सापडलेला गडी बाहेर फेकला जायचा तो थेट कुणाच्या तरी मांडीत. आमचा असेल तर त्याला उचलून, पाठ थोपटून आत ढकलायचे. पाहुण्यांचा असेल तर त्यालाही उचलायचे, जरा सावकाश.

सात गडी आत, आठवा दोरीवर. हा आठवा गडी कधी बाद होत नसे.

बाहेरच्या खेळांत गर्दीचा परिणाम मानसिक असतो म्हणतात. कबड्डीत तो थेट कानाचा मामला होता. चढाई करणाऱ्याचा दम म्हणजे ‘कबड्डी, कबड्डी’ हा अखंड उच्चार पंचाला ऐकू यायला हवा. तुटला तर गडी बाद. आमचा गडी आत शिरला की दोरीवरून असा काही कल्ला उठायचा, की त्याने दम घेतला, तोडला, मध्येच पाणी पिऊन आला, तरी पंचाला कळायला मार्ग नव्हता. पाहुण्याची चढाई आली की मात्र सभेसारखी शांतता. दम किंचित थरथरला तरी पाचशे जण एका आवाजात ‘तुटला!’ बिचारा पंच. त्याला रात्री याच गावातून स्टेशन गाठायचं असायचं.

ही आमचीच बदमाशी नव्हती, शास्त्र होतं, हे पुढे कळलं. २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग पडद्यावर दाखवले. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे पंच विकला जातो असं नाही. कुणाच्या बाजूने ओरडलं जातंय हे कान डोळ्यांना सांगतात. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला हे ४० पंच न जमवताही सांगता आलं असतं.

आता चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आहे, प्रत्येक कोनातून कॅमेरे आहेत, आणि मध्यरेषेला हात टेकला की नाही हे पडद्यावर सावकाश करून दाखवतात. निकाल योग्य लागतो. तो लागेपर्यंत संगीत वाजतं. आमच्याकडे निकाल चुकीचा लागायचा, पण तो लागण्याआधीच लोकांनी दिलेला असायचा आणि त्यावर पुढचे आठ दिवस चर्चा चालायची. योग्य निकालावर आठ दिवस काय बोलणार?

आठव्या गड्याच्या हाताशी आणखी एक हत्यार होतं: शेवटची गाडी. मुंबईचा तगडा संघ आला, सेंट्रल बँक, देना बँक, महिंद्र अशा नावांच्या जर्सी दिसल्या की त्यांच्याशी आमचा सामना कार्यक्रमपत्रिकेत हळूहळू खाली सरकायचा. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग नगरसेवकांचे दोन शब्द, मग वीज गेली. रात्री साडेअकराला मैदानात उतरणाऱ्या संघाचं एक मन आमच्या कोपरारक्षकावर आणि दुसरं विरार स्टेशनवर. आम्ही घरी चालत जाणार होतो. अर्थात तरीही ते बहुतेक वेळा जिंकायचेच. वसईत पाहुण्यांनी यजमानांना नमवल्याची परंपरा जुनी आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली हेच केलं, आणि त्यांनाही त्यासाठी किल्ल्याला तीन महिने वेढा घालून बसावं लागलं.

इथवर वाचून हे सगळं गमतीचं वाटत असेल तर थोडं थांबायला हवं. दगडही पडायचे. पाहुण्या संघाला बांबू तोडून टेम्पोत बसवून पळवावं लागलं अशा रात्री आमच्या आठवणीत आहेत, आणि त्या सांगताना आम्ही जे हसतो ते काही शोभणारं हसू नाही. एका मारामारीचा हिशेब पुढच्या तीन हंगामांत फिटत राहायचा. कुठल्या आळीचे लोक दोरीच्या कुठल्या बाजूला बसणार, हेही न बोलता ठरलेलं असे, आणि ते कशावरून ठरलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. बायका? त्या ओटीवरून किंवा खिडकीतून बघायच्या. मुलींचा सामना असलाच तर उन्हं उतरायच्या आत उरकायचा, जणू तो पाणी मारण्यापूर्वीचा विधी. आज आमच्या नाती कॉलेजच्या मैदानावर चवडे काढतात, रात्री दहाला प्रकाशझोतात खेळतात, आणि त्यांच्यासाठी ओरडायला त्यांच्या आया पहिल्या रांगेत असतात. आमच्या आठव्या गड्यात निम्मं गाव नव्हतंच, हे आम्हाला तेव्हा दिसलंही नव्हतं.

तरी माइक आठवतो. निवेदकाला प्रत्येकाचं टोपणनाव माहीत. ‘या चढाईवर आपले ज्येष्ठ क्रीडाप्रेमी यांच्याकडून ५१ रुपये!’ अशी घोषणा झाली की चढाई करणाऱ्याचा चेहरा बदलायचा, आणि ज्येष्ठ क्रीडाप्रेमींच्या बायकोचाही. पकड झाली की तेच ५१ रुपये पकडणाऱ्याला. लोण चढला की १०१. शेवटी ढाल, चषक, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, आणि ‘पब्लिक हिरो’. हा पब्लिक हिरो कधीकधी हरलेल्या पाहुण्या संघातला निघायचा. ज्याला दोन तास शिव्या घातल्या त्यालाच लोक खांद्यावर घ्यायचे, त्याला घरी नेऊन जेवायला वाढायचे, गाडी चुकली असेल तर ओटीवर अंथरूण टाकायचे. गाडी आम्हीच चुकवलेली असायची, ते सोडा.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. आपल्या मुंबईची यू मुंबा ४५, जयपूर ३१. सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा जन्माला आला. तोवर राज्य स्पर्धेत ठाण्याच्या नावाखाली शोधावं लागणारं आमचं पोरगं पुढे पालघर या नावाने दिसू लागलं. म्हणजे एकाच आठवड्यात आम्हाला दोन नवी घरं मिळाली, एक मंत्रालयाने दिलेलं आणि एक टीव्हीने. आम्ही विरार लोकल पकडली, दादरला गाडी बदलली, महालक्ष्मीला उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून कबड्डी बघितली. डोळे दिपले. हजारो माणसं, केशरी झेंडे, ढोल, आणि ज्या खेळाला शहरातले लोक शाळेतल्या मधल्या सुट्टीचा खेळ समजायचे, त्याला सिनेमानटांची हजेरी. आमच्यातल्या एकाने डोळे पुसले. एसीमुळे, असं त्याचं म्हणणं.

आणि ३१ ऑगस्टला, त्याच डोममध्ये, तीच माणसं ओरडत असताना, अंतिम सामना यू मुंबा ३५-२४ असा हरली. पुढच्या वर्षी तिथेच बंगळुरूला हरवून जिंकलीही, ते न्याय म्हणून सांगायला हवं. पण त्या हरलेल्या अंतिम सामन्याच्या रात्री परतीच्या गाडीत आमच्यात वाद झाला, की एवढी माणसं असून उपयोग काय झाला? कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, त्याला आमचा कल्ला कळत होता, शिव्या कळत नव्हत्या, असं एकाचं मत. दुसरा म्हणाला, कुणी ओरडतच नव्हतं, मोठ्या पडद्यावर ‘ओरडा’ असं आलं की ओरडत होते. तिसऱ्याने मुद्द्याचं सांगितलं: आपण बसलो होतो तिथून चढाई करणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याला आपला.

आमच्यातल्या एकाचा मुलगा अमेरिकेत शिकायला होता. तिथे कॉलेजच्या बास्केटबॉलचं वेड आपल्या आयपीएलच्या तोडीचं. त्याने सांगितलं की तिथे वीस-वीस हजार आसनांची कॉलेजची मैदानं आहेत, पण पाहुणे संघ धसका घेतात तो ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियमचा. १९४० सालची दगडी इमारत, आसनं ९,३१४ फक्त, कित्येक वर्षं वातानुकूलनसुद्धा नव्हतं. पण विद्यार्थी थेट मैदानाच्या काठाला उभे, इतके जवळ की बाहेरून चेंडू टाकणाऱ्या पाहुण्याच्या पाठीला त्यांचे हात लागतील. त्या जागेसाठी पोरं थंडीत तंबू ठोकून राहतात. मोठी मैदानं बांधली तेव्हा काठाजवळच्या खुर्च्या देणगीदारांना गेल्या आणि ओरडणारे वर, लांब बसले. ऐकून आम्हाला अर्नाळा आठवला. देणगीदार आमच्याकडेही होते, पण त्यांची खुर्ची दोरीमागेच असायची आणि तिच्यापुढे पोरं बसलेली असायची. दिसत नाही म्हणून ते स्वतःच उठून उभे राहायचे.

करोनाच्या काळात प्रो कबड्डीचा आठवा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलाच्या आवारात, प्रेक्षकांशिवाय झाला. ते समजू शकतो. पण पुढे २०२४ला सगळे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात, आणि २०२५ला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. यू मुंबाचा एकही सामना मुंबईत नाही. खर्चाचं गणित असेल, सोय असेल. पण यजमान संघ जर्सीच्या रंगावरून ओळखायचा म्हणजे जरा अवघडच. घरच्या मैदानाचा फायदा गैर होता हे मान्य. तो काढून टाकायचा हा एक मार्ग झाला: घरच काढून टाकायचं.

इकडे आमचं घर तरी कुठे जागेवर आहे? २००९ला चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली; २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, आता विचारू नये. ज्या शेतात आम्ही ढेकळं फोडली तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत, आणि ज्या थोड्या जागा उरल्या त्यांवर जाळी लावून हिरवा टर्फ घातलाय. तासाच्या भाड्याने मिळतो. आठ ते नऊ एक टोळकं, नऊ ते दहा दुसरं. प्रकाश उत्तम, जमीन सपाट, डोकं फुटायची भीती नाही. आणि बघायला कुणी नाही, कारण बघणाऱ्याला उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. नालासोपाऱ्यातल्या एका हॉलमध्ये पाटणा-मुंबई सामना पडद्यावर लावला होता, तर निम्मा हॉल पाटण्याच्या बाजूने ओरडला. दोन मिनिटं आम्हाला राग आला. मग लक्षात आलं, इतकं मनापासून ओरडणं आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. दोरी असती तर त्यांना पुढे बसवलं असतं.

स्पर्धा बंद पडल्यात असं मात्र नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, गावोगावची मंडळंही अजून स्पर्धा घेतात. मॅटवर, एलईडीखाली, मोबाईलवर थेट प्रक्षेपणासह. गेल्या हंगामात अशाच एका स्पर्धेला आम्ही चार-पाच जण गेलो होतो. ज्येष्ठ क्रीडाप्रेमी म्हणून आम्हाला सोफा दिला होता, मॅटपासून चांगला पंधरा फूट लांब. आमच्या गावचा संघ दोन गुणांनी मागे होता, तिसरी, करो-या-मरोची चढाई होती, आणि इतक्या लांबून ओरडून काही उपयोग नव्हता. आम्ही सोफा उचलून पुढे सरकवायला लागलो. मंडळाचा चिटणीस, वय तेवीस-चोवीस, गळ्यात ओळखपत्र, धावत आला. ‘काका, नियम आहे, मॅटभोवती मोकळी जागा सोडावी लागते. खेळाडू बाहेर आला तर तुमच्या अंगावर पडेल.’

पडू दे की, आम्ही म्हणालो.

तो आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘बरं, दोन फूट पुढे घ्या. पण आधी त्या चपला मॅटवरून खाली काढा.’